खात्री करा

तुकडीचा इतिहास लिहून द्या, म्हणतो
हा कोवळा लेफ्टनंट. दोन पानं, म्हणतो,
वर्धापनदिनाच्या पुस्तिकेत तेवढीच जागा उरलीय.
मी कारकून होतो. दोन पानं मला पुष्कळ.
फक्त खोगीरभरती करायला सांगू नकोस, पोरा.
खोगिरं आमची केव्हाच गेली.

गेली बेचाळीसच्या मार्चात, एका मंगळवारी.
कॅन्ससच्या गवतावर बर्फाचे डाग होते अजून.
एकशे अठरा घोडी. यादी मीच केली:
रंग, वय, खुरावरचा नंबर, शेरा.
शेऱ्यात काय लिहायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.
मालगाडीच्या डब्यांत ती सवयीनं चढली,
आणि रिकाम्या पागेत आम्ही संध्याकाळी
खराऱ्याच्या वेळेला
सवयीनंच जमलो.

बोहुमिल स्ट्राका आमचा नालबंद, नेब्रास्काचा.
रस्त्यानं घोडं गेलं की पाठमोरा उभा राहून सांगायचा:
मागचा डावा, नाल सैल, उद्या लंगडेल.
लंगडायचं.
त्याला दिली चिलखती गाडी. सहा चाकं,
आणि तोफ एवढीशी, की रणगाड्यावर डागली
तर आतल्यांना वाटावं, कुणी दार वाजवतंय.
ब्रेक लावण्याआधी तो बॉनेटकडे बघून
हलकेच ‘होऽ, होऽ’ म्हणायचा.
आम्ही हसलो. मग सगळेच म्हणायला लागलो.

लढणं आमचं काम नव्हतं.
पुढे जायचं, बघायचं, मागे सांगायचं.
टेहळणीचं शास्त्र एवढंच.
ऑगस्टात दिवसाला चाळीस मैल. नकाशे संपले,
एका शाळेतलं भूगोलाचं पुस्तक फाडून भागवलं.
पॅरिस? नाही पाहिलं. वळसा घालून गेलो.

डिसेंबरात लक्झेंबर्ग. नदीकाठचं गाव.
क्रेमेरबाईच्या गोठ्यात माझा टेबल, वायरलेस,
आणि नांगराचा एक म्हातारा घोडा,
ज्याला बोहुमिलनं आल्या आल्या नाल ठोकली,
कुणी सांगितलं नसताना.
त्या रात्री आधी घोड्यानंच कान टवकारले, नदीच्या दिशेनं.
बोहुमिल बाहेर गेला, नदीकडे पाठ करून उभा राहिला.
बराच वेळ. धुकं होतं.
आत येऊन म्हणाला, लिही:
साखळ्यांवरच्या गाड्या, मोजता येत नाहीत इतक्या.
एकीची डावी पट्टी सैल आहे.

नऊ चाळीसला मी कळवलं.
मागून उत्तर: खात्री करा.
दहा पाचला पुन्हा कळवलं. खात्री करा.
बोहुमिलनं पेला संपवला, बाईला तिच्या भाषेत
काहीतरी चुकीचं शुभरात्र म्हटलं, तर ती हसली.
होयट नावाच्या पोराला घेऊन उतारानं गेला.

पहाटे साडेपाचला अख्ख्या क्षितिजानं खात्री केली.

पुढचं तुमच्या पुस्तिकेत आहेच.
माघार, पूल, पदकं, मग वसंत ऋतू.
त्यात एक वाक्य आहे:
‘शत्रूच्या हालचालींची पूर्वसूचना मिळाली नाही.’
सांगणारा मेजर होता. टाइप करणारा मी.
बोटं थांबली नाहीत, एवढं आठवतं.
एक चूकसुद्धा नाही त्या ओळीत, खाडाखोड नाही,
कार्बनची प्रत अजून आहे माझ्याकडे.

लेफ्टनंटनं वही मिटली. चांगला पोरगा आहे.
म्हणाला, सर, छापण्याआधी
याची जरा खात्री करून घ्यावी लागेल.
करा, म्हटलं.

त्याची गाडी निघाली तेव्हा अंगणात
मी रस्त्याकडे पाठ करून उभा राहिलो.
नव्वदीचे कान. खडी वाजली,
मग वळण, मग काही नाही.
कुठलं चाक, काही कळलं नाही मला.