सहीखालचा नंबर

गोठिवलीच्या टाकीवर चढताना
पाना, टॉर्च, स्पिरिटचा बोळा,
बर्फाच्या डब्यात चार बाटल्या.
आधी नळाचं तोंड जाळायचं,
मग दोन मिनिटं पाणी सोडून द्यायचं,
मोठ्यानं मोजत,
मढवीबाईंनी शिकवलं तसं.
मनात मोजलं की माणूस नव्वदलाच थांबतो, म्हणायच्या.

वीस वर्षं मी सही केली
कोंबडीच्या पायासारखी.
कुणाची, कुणी विचारलं नाही.
सेक्रेटरी चहा पाजायचे,
"पिवळं येतंय ना साहेब, थोडं तरी?"
येतंय, म्हणायचो.
संध्याकाळच्या उन्हात धरलं
की काहीही थोडं पिवळं दिसतं.

आता नोंदणी आली.
पन्नाशीत परीक्षा दिली,
लेकीच्या कंपासपेटीतलं पेन घेऊन,
आणि सहीखाली सात आकडी नंबर बसला.
पगार तोच.
शिडीही तीच, तिसरी पायरी सैल.

काल घणसोली, सेक्टर चार.
नळी धरली, थेंब टाकले,
पाण्यानं रंगच धरला नाही.
झाकण लावून हलवली, पुन्हा थेंब.
चहा आला. खारी आली.
"साहेब, उद्या टँकर मागवतोच आम्ही, आज तेवढं..."
मी नंबर लिहायला घेतला
आणि पाचव्या आकड्यावर
मढवीबाई मोठ्यानं मोजू लागल्या.

क्लोरीन : शून्य.

चहावर साय धरली.
खाली जिन्यापाशी एक पोरगं
शाळेची वॉटरबॅग भरत होतं.
जाऊन नळ बंद केला.
नियमात हे कुठंच नाही.