पंचावन्न अंश

तवा म्हटलेलं वरच्या मजल्यावर आवडत नाही.
हॉट प्लेट म्हणायचं.
पंचावन्न अंश, वर काचेचं नळकांडं,
आणि माझ्या हातात हे स्टॉपवॉच,
एकवीस वर्षांत ज्याचं बटण
माझ्या अंगठ्याच्या आकाराचं झालंय.

उंदीर अलगद सोडायचा. मोजायचं.
मागचा पाय चाटला, झटकला, उडी मारली
की बटण दाबायचं आणि त्याला उचलायचं.
नुसतं मिठाचं पाणी टोचलेले नऊ-दहाला चाटतात,
मॉर्फिनवाले वीस ओलांडतात.
काहीच झालं नाही तरी तिसाव्याला उचलायचं,
तळवे भाजू नयेत म्हणून.
हा नियम कुणी केला ठाऊक नाही.
त्याचं भलं होवो.

पहिल्याच आठवड्यात मी माझा तळहात ठेवून पाहिला होता.
तो आकडा वहीत नाही.

सप्टेंबरात आमच्या सेगेडमध्ये
घराघरांच्या भिंतींवर पाप्रिका वाळत असते,
लाल माळाच माळा.
आग म्हणजे काय ते इथे मुलांना शिकवावं लागत नाही,
एकदा डोळा चोळला की कळतं.

त्या सप्टेंबरात बर्नाबाश खाली आला,
सदऱ्याच्या खिशात कुपी,
घरट्यातून पडलेलं पिल्लू आणावं तशी जपून.
चारशे सतरा.
चौदा महिने, तीन फुटलेले फ्लास्क, एक मोडलेलं लग्न,
आणि हाती एवढीशी पांढरी पूड.
म्हणाला, "एतेल्का, ही लागू पडेल."
मी म्हटलं, मला सांगू नकोस कुठली.
टोपणांचे रंग तेवढे दे.

पिवळं टोपण.
सव्वीस. तीस. तीस. तीस. तीस.
बुडापेस्टला फोन गेला.
मोजपात्रांतून जर्दाळूची दारू फिरली.
मीही प्यायले, नाही कशाला म्हणू?

पण मी पाहिलं होतं.
एकोणिसाव्या सेकंदाला त्याचे डोळे बारीक झाले,
कान मागे गेले,
गाल फुगून नाकाशी आले.
पाय मात्र जागचा हलला नाही.
याला रकाना नव्हता. रकान्यात आकडा बसतो.

सकाळी कुणी न सांगताच
कपाटातून फिरती दांडी काढली.
धडधाकट उंदीर तिच्यावर असा पळतो
की जणू कुठेतरी उशीर होतोय.
पिवळ्या टोपणाचा पहिला चार सेकंद टिकला.
दुसरा तीन.
तिसरा ओल्या मोज्यासारखा घसरून
खालच्या फोमवर पडला, आणि तिथेच राहिला,
डोळे उघडे.

"म्हणजे?" बर्नाबाशने विचारलं, कळलेलं असूनही.
म्हणजे भाजतंय त्याला.
पाय उचलायचं बळ तेवढं तू काढून घेतलंस.

तो स्टुलावर बसला.
मी पिंजऱ्यांत लाकडाचा भुसा बदलत राहिले.

माझे वडील पाप्रिकाच्या गिरणीत होते, गाश्पार.
झटक्यानंतर अकरा आठवडे पडून होते,
बोलणं गेलेलं, अर्धं अंग गेलेलं.
पलंगाच्या पायथ्याशी तक्ता असायचा,
त्यावर नर्स रोज एक शब्द लिहायची: शांत.
मी तो वाचायचे, ट्राम पकडायचे,
घरी जाऊन झोपायचे. गाढ.
एका रविवारी कूस बदलायला हात घातला
तर डाव्या मुठीत चादर,
इतकी घट्ट की बोटं एकेक करून सोडवावी लागली असती.
मी सोडवली नाहीत.
मुठीवरून पांघरूण नीट केलं.

हे बर्नाबाशला सांगितलं नाही.
त्याला एवढंच म्हटलं, चारशे अठरा कधी?
"गुरुवारी," तो म्हणाला. मग, "कदाचित."

संध्याकाळी प्लेट बंद केली, स्पिरिटने पुसली.
थंड व्हायला तिला चाळीस मिनिटं लागतात.
तेवढ्यात वही उघडली.
शेरा या रकान्यात एक शब्द मावतो.
मी तीन लिहिले, रेघ ओलांडून,
शेजारच्या घरात घुसून:
डोळे मिटून सोसतो.

वरिष्ठ बाई म्हणाल्या, हे मोजता येत नाही.
मी म्हटलं, रकाना आखा, बघू.