एक वाटी कमी

ओल्याची बादली उलटी करता करता
छबूताई एकदा म्हणाल्या,
"काका, तुमचा भात
माझ्याआधी पोचतो माझ्या घरी."

मला कळलं नाही.
मग झाडू भिंतीला टेकवून त्यांनी सांगितलं:
बैंगनवाडीत दार उघडलं की समोर देवनारचा डोंगर.
चेंबूरहून ट्रक नऊला सुटतो,
त्या आमचे तीन जिने आटपून दोनला पोचतात.
"उन्हाळ्यात आतल्या आत पेटतो तो.
धूर दिसत नाही.
पोरगी खोकायला लागली की कळतं."

त्या रात्री मी बादलीत वाकून पाहिलं.
दुधीच्या साली, चहाचा चोथा,
आणि त्याखाली भात,
वाटीचा आकार जसाच्या तसा,
पानात मूद पाडावी तसा.

कुंदाला जाऊन चौदा महिने झालेत.
मी तांदूळ दोन वाट्याच घेत होतो.
हात डब्यात जायचा, परत जायचा,
हाताला कुणी कळवलंच नव्हतं.

चौदा महिने.
कुठल्याशा खाचरातलं घोटाभर पाणी,
लावणीला वाकलेली कुणाची तरी पाठ,
टेम्पोचं डिझेल, माझा गॅस,
सगळं तिच्या वाटणीचं शिजवून
मी त्या डोंगरावर चढवत होतो.
पिंडाला निदान कावळा तरी शिवतो.

आता वाटी मोजून घेतो, मोठ्याने. "एक."
दुधीच्या सालींची चटणी करतो तीळ घालून,
तिच्यासारखी होत नाही, संपते मात्र.
कोथिंबिरीच्या काड्या सारात.
पंपरूममागच्या गळक्या ड्रमला भोकं पाडली,
पिंपळाचा पाचोळा टाकला, वर आंबट ताक.
सेक्रेटरी वागळे म्हणाले, उंदीर होतील.
उंदीर नाही झाले.
गांडुळं आली, कुठून कोण जाणे,
तिसऱ्या मजल्यावरची पोरं ती मोजायला येतात.

कधी चुकतोच. परवा दोन वाट्या पडल्या,
तेव्हा सकाळी फोडणी दिली
आणि वॉचमनला हाक मारली.

काल छबूताईंनी बादली उचलली
भरलेली समजून,
आणि हात एकदम वर गेला त्यांचा.
तळाशी नुसते बांगड्याचे काटे.
"हलकी झाली हो काका!" हसल्या त्या.

हो म्हणालो.
दार लावून घेतलं.
ओट्यावर दुसरी वाटी
पालथी घातलेली होती,
कोरडी.