दीड लोटा

माशेलला, देवळामागच्या अंगणात
तांब्याचं तपेलं पालथं पडलंय.
महाजन उल्हास वेरेंकर म्हणाले, टीचर,
दोनच गोष्टी सांगा:
यात किती पानांचं खतखतं मावतं,
आणि कल्हईला कथील किती लागेल.

त्यांना वाटलं, एकाच प्रश्नाचे हे दोन तुकडे.
बारावीच्या मुलांनाही तसंच वाटतं.

मी सुतळी घेतली.
बुडापासून चार-चार बोटांवर खडूच्या खुणा,
खुणेला वेढा, वेढ्याला गाठ,
गाठीचा आकडा वहीत.
पोटाशी दोनशे चार, गळ्याशी एकशे एकोणसाठ.
मनातल्या मनात तपेल्याच्या चकत्या केल्या,
मुळ्याच्या करतात तशा, पातळ,
अजून पातळ, सुरी दिसेनाशी होईपर्यंत,
आणि परत एकावर एक रचल्या.
घनफळ म्हणजे एवढंच:
कापलेलं जोडताना काही सांडू न देणं.

पृष्ठफळाला मात्र चकतीची उंची चालत नाही.
कड तिरकी असते.
दरवर्षी कुणीतरी उभी उंची धरतं,
यंदा जेनिशा कुलासोनं धरली,
दोन मार्क गेले, रडली.
तिला तेव्हा नीट सांगता आलं नाही.
बाई, फुगवट्यावर चढणाऱ्या मुंगीला
उंची ठाऊक नसते.
ती जेवढं चालली तेवढं मोज.

दस्तगीर कल्हईवाला भाता मांडता मांडता उठला,
वितीवितीनं तपेल्याला एक फेरी घातली,
म्हणाला, पाव किलो.
माझं उत्तर दोन पानांनंतर आलं.
पाव किलो.

मग माझा हात पोच्यावर गेला.
डाव्या कुशीला, नारळ बसेल एवढा.
इथं फिरवता येईल अशी रेषाच नाही,
सगळी सूत्रं काठाशी थांबतात.
पोच्याचं कथील कमी करायचं का, मी विचारलं.
दस्तगीर हसला. कमी कशाला?
तांबं तेवढंच आहे, आत गेलंय फक्त.

कुणाच्या हातून पडलं, ते कुणी बोललं नाही.
सगळ्यांनी एकदम तळीकडे पाहिलं.
शाणू आचारी भिंतीला टेकून उभा होता.
तो पायरीवर घसरला त्या जत्रेपासून
त्यानं डावाला हात लावलेला नाही,
नारळ तेवढे सोलून देतो.

मी तपेलं कुशीवर कलतं केलं.
पोचा वर आला, वाटीसारखा.
त्यात लोट्यानं पाणी ओतलं, काठोकाठ.
एक लोटा. मग अर्धा.
वहीत लिहिलं: तीनशे अठरा पानं, वजा तीन.

वेरेंकर आकडा घेऊन गेले.
शाणू जवळ आला, बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
किती भरलं, टीचर?
दीड लोटा.
त्यानं त्यात बोट बुडवलं, पेरापर्यंत,
मग तळाला टेकेपर्यंत.
इतकंच?