तीन रिंगच्या आत

तीन रिंगच्या आत फोन उचलायचा, असं ट्रेव्हिनने
पिवळ्या चिठ्ठीवर लिहून माझ्या मॉनिटरला चिकटवलंय.
चौथ्या रिंगला माणूस पुढच्या नावाकडे वळतो,
आणि नकाशावर नावं दिसतात तीनच.
बाकीचे छप्परवाले असतात, पण
दिवसाच्या चांदण्या असतात तसे.

महिन्यातून एकदा विचिटाहून येतो हा पोरगा,
पाय न पुसता आत शिरतो आणि शिकवतो
की ‘क्विस्ट आणि कन्या, छपरांची कामं’ हे नाव
सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखं पाहिजे,
नाहीतर यंत्राला वाटतं, दुकानं दोन आहेत.
कन्या केव्हाच डेन्व्हरला गेली, दातांची डॉक्टर झाली.
डेल म्हणतो, राहू दे, पाटी रंगवून झालीय.

मंगळवारी सलायनावर गारा पडल्या.
डेलने त्यातली एक उचलून फ्रीजरमध्ये ठेवली,
वाटाण्याच्या पाकिटाशेजारी,
विमावाल्याला दाखवायला.
बुधवारी सकाळी सातपासून फोन.
लुथरन चर्चचा फोन. शाळेचा.
एका म्हाताऱ्याचा, ज्याचं छप्पर शाबूत होतं
आणि ज्याला फक्त सांगायचं होतं की शाबूत आहे.
त्याचेही बासष्ट डॉलर लागतात आम्हाला.
गळो न गळो, घंटी वाजली की मीटर पडतं.
मी त्याला अकरा मिनिटं बोलू दिलं.

चार चाळीसला ओडालिस नावाची बाई.
(नाव विचारायचं, मग ते दोनदा उच्चारायचं. चिठ्ठी क्रमांक दोन.)
पत्ता?
चौदाशे बारा, हॅकबेरी लेन.

मी टाइप केलं. बोटं न चुकता.
तो पत्ता माझ्या बोटांना एकोणीस वर्षं येत होता.

म्हटलं, स्वयंपाकघरात ना, सिंकच्या वर, डाव्या अंगाला?
पलीकडे शांतता. मागे बाळ चमच्याने काहीतरी बडवत होतं.
तुम्हाला कसं कळलं?
मी म्हटलं, त्या काळच्या घरांना तिथेच गळतं, ओडालिस.
ती म्हणाली, आम्ही आलो तेव्हा सिंकखाली
एक निळी बादली होती,
कडी तुटलेली, दोरी बांधलेली.
तीच लावलीय.

दोरी मी बांधली होती. रॉस तेव्हा शिडीवर,
चौथ्यांदा डांबर फासत,
आणि खाली मी, शिडी धरून, त्याला न आवडणारं बोलत.
घर पाहिलं बांधून, लग्न पाहिलं करून.
दोन्ही चिमणीच्या मागून गळली.
बँकेने एक नेलं.

कॉल रेकॉर्ड होतो, म्हणून मी पुढचा रकाना वाचला:
आमच्याबद्दल कुठे कळलं?
नकाशावर, ती म्हणाली. तुम्ही तिसरे होता.
पहिल्या दोघांनी उचलला नाही.

उद्या सकाळी आठ, मी म्हटलं,
विल्मर येईल, आणि त्याचा मेहुणा.
यादीत तिच्याआधी एकवीस घरं होती.
शेरा लिहिला: चिमणीमागचा पत्राच बदलणे.
डांबर नको.
मग ‘डांबर नको’ पुन्हा एकदा लिहिलं, ठळक.

शुक्रवारी ट्रेव्हिनने तो कॉल ऐकला, कानात बोंडं घालून,
मान डोलावत, गाणं ऐकावं तसा.
दहापैकी आठ, व्हर्लीन. आवाज उबदार.
पण पाहणीआधी गळतीची जागा सांगायची नाही,
आणि शेवटी तारे मागायला विसरलात.

हो, विसरले.
डेलने फ्रीजर उघडला: गार वितळून
वाटाण्याएवढी झाली होती.
विमावाला अजून यायचाय.

आणि फोन.
चिठ्ठीकडे न बघता
मी पहिल्याच रिंगला उचलते.