माप

टेप तोच, ब्लाउजचा.
छाती एकवीस, पोट सतरा,
जांघेपासून जमिनीपर्यंत — हे तीनदा घेतलं.
उभी राहत नाही म्हणून उंची मोजता येत नाही,
आणि उंची कळल्याशिवाय उभी करता येत नाही.
शेवटी कस्तुरीनं पोटाखालून टॉवेल घातला,
दोन्ही टोकं वर ओढली,
मी गुडघ्यावर बसून वाचलं : साडेतेरा.
वहीत वरच्या ओळीत काळभोरबाईंची बाही,
खालच्या ओळीत चकली.

शेपूट चकलीसारखी, म्हणून चकली.
आता शेपूट सरळ लोंबते, नाव तेच.
धायरी फाट्याला पाण्याचा टँकर मागे येत होता.
मागे येताना तो गाणं वाजवतो.
रोज ऐकायची ती,
त्याच भरवशावर झोपली असेल.

पालवे डॉक्टरांनी चिमट्यानं मागचं बोट दाबलं.
चकली बघत राहिली,
दुसऱ्या कुणाच्या चपलेवर पाय पडला
की आपण बघतो तशी.
"चालेल असं सांगत नाही," म्हणाले,
"पण फिरेल."

मग शिकलो.
दिवसातून चार वेळा पोट दोन्ही हातांत धरून लघवी काढायची,
कणीक तिंबताना लागतो त्याच्या निम्मा जोर.
दोन तासांनी कूस बदलायची.
पाय पायडलसारखे फिरवायचे, पन्नास, पन्नास.
मोजताना मी चुकायचे, ती नाही.
पन्नास झाले की मान वळवायची.

तयार गाडी चौदा हजारांची.
म्हणजे एकशे चाळीस साड्यांचं फॉल-पिको.
आतार मिस्त्री म्हणाला, ॲल्युमिनियम आणा,
चाकं पोतंभर आहेत.
पोरं सायकल शिकली
की आधाराची चाकं माझ्याकडेच टाकून जातात.

ॲल्युमिनियम माळ्यावर होतं.
दादांचा वॉकर.
पलंगापासून दारापर्यंत अकरा पावलं,
आणि दारात पोचले की "बघ, आलो" म्हणायचे,
जणू सिंहगडावरून पिठलं खाऊन आले.
आमचे हे म्हणाले, काप.
आणि कापून होईपर्यंत घरी आलेच नाहीत.

उंचीच्या खटक्याला भोकं असतात.
दादांचं पाचवं.
आतारनं करवत त्याच्या बोटभर खाली लावली,
मी काही बोलले नव्हते, तोही बोलला नाही.
चकलीचा पट्टा आता तिथून जातो.

पट्टे मी शिवले. उलटे :
मऊ बाजू आत, शिवण बाहेर,
नाहीतर कातडी सोलते.
तीस वर्षं लोकांना शिवण लपवून दिली,
हात ऐकेना, दोनदा उसवलं.

पहिल्या दिवशी गाडीत नुसती उभी.
दुसऱ्या दिवशीही, खांबाला बांधल्यासारखी.
कस्तुरीनं चिकन धरलं,
शेजारच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या,
चकलीनं जांभई दिली.
तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावर ते गाणं वाजलं.

सुटली.
लांब नाही पळाली, धावून गेली.
एक चाक जमिनीवर, एक हवेत,
भुंकणं असं की टँकरवाल्यानं आरशात बघून
आधी ब्रेक दाबला, मग दार उघडलं, मग परत लावलं.
गल्लीत त्याच सकाळी काँक्रीट ओतलेलं,
वर गोणपाट, कडेला दोरी.
दोरीखालून गेली.
ठेकेदारानं आमच्या सात पिढ्या काढल्या,
दादांसकट.
थापीवाला चहा पिऊन येईपर्यंत
ओलं आवळून बसलं होतं.

अजून आहे, किराणा दुकानासमोर :
मधे पंजे, दोन-दोन,
दोन्ही बाजूंनी रेघा, एका ठिकाणी एकच.
लोक थांबून विचारतात, हे कसलं वाहन?
बघायचं तर लवकर या.
ड्रेनेजची लाइन टाकायची राहिलीय अजून.