दोन तोंडं

उणे चौतीस. उलानबातरच्या टेकडीवर,
जाड नमद्याच्या गोल घरात
सारंगेरेलला दोन तोंडं भरवायची आहेत:
एक चुलीचं, एक बारा रात्रींचं.

भूक दोघांची सारखीच, दीड-दोन तासांची.
चूल आधी गप्प होते, मग गार.
हा आधी चुळबुळतो,
स्वतःची मूठ चोखून बघतो,
फसवणूक लक्षात येते,
मग शेजारचा कुत्रासुद्धा जागा होतो.

नवरा दक्षिणेत, कोळशाच्या ट्रकवर.
घरात कोळसा मोजून.
आधी चुलीत वीट, मग हात पुसायचे, मग दूध:
हा क्रम तिनं पहिल्याच रात्री ठरवलेला.
काल चुकला. त्याच्या कपाळावर काळं बोट उमटलंय.
सासू म्हणाली, असू दे, पुसू नकोस.
रात्रीला वाटेल, ससा आहे.

पाळण्यावर नमद्याचा कोल्हा टांगलाय.
म्हणतात, झोपेत कोल्हा येऊन पोरांना सांगतो,
तुझी आई मेली,
की ओठ बाहेर येतो.
नाही रे, आहे,
की हसू.

पावणेचार.
तो पितापिताच झोपलाय,
शेवटचा घोट गालात तसाच.
तिचीही मान कलते.
चुलीत नुसती लाल रेघ.
पाठीकडून थंडी
पाव्हण्यासारखी अंग चोरून आत येते.

त्याचा ओठ हळूच बाहेर.

डोळे न उघडताच ती पुटपुटते,
त्याला नाही, कोल्ह्याला:
आहे रे बाबा, आहे.
जरा डुलकी लागली होती.

आणि चाचपडते
वीट.